रेषेकडे, रेषेपर्यंत, रेषेवरून

इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त धाक वाटतो तो काळांचा. 'हॅज बीन' कुठे आणि 'हॅड बीन' कुठे, या विचाराने त्यांची झोप उडते. उरण-द्रोणागिरीच्या पट्ट्यात बंदरावर, कंटेनर यार्डांत आणि जहाजांवर नोकरीला जाणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं कामापुरतं इंग्रजी शिकवत आले आहे. क्रियापदाचा काळ चुकला म्हणून कुणाचं मोठं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. 'येस्टरडे आय गो' म्हटलं तरी समोरच्याला काल कळतो, जाणंही कळतं आणि काम पुढे सरकतं. पण कुठून, कुठे, कशातून, कशावरून आणि कुठपर्यंत हे सांगणारे इंग्रजीतले छोटे शब्द चुकले, की बाकी वाक्य कितीही शुद्ध असो, माल भलतीकडे जातो आणि माणूस जाऊ नये तिथे जाऊन उभा राहतो. शाळेत या शब्दांना आपण 'प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय' एवढं म्हणून सोडून दिलं. रिकाम्या जागा भरण्याचे चार गुण त्यांच्या वाट्याला आले. नोकरीत मात्र सगळा भार त्यांच्यावरच असतो.

माझा एक विद्यार्थी एका खासगी यार्डात सिग्नलमन म्हणून लागला. मागे येणाऱ्या ट्रेलरच्या बाजूला उभं राहायचं, वॉकीटॉकीवर सुपरवायझर सांगेल ते ऐकायचं आणि ड्रायव्हरला हाताने, आवाजाने दाखवायचं, असं ते काम. सुपरवायझर फक्त इंग्रजीत बोलणारे होते. एका संध्याकाळी सूचना आली, 'ब्रिंग इट अक्रॉस टू द यलो लाइन'. ट्रेलर या बाजूकडून त्या बाजूला न्यायचा होता आणि पिवळ्या रेषेशी थांबवायचा होता. मुलाने 'अक्रॉस' ऐकलं, 'यलो लाइन' ऐकलं. मधला 'टू' त्याच्या कानावर पडलाच नाही. 'अक्रॉस द यलो लाइन' म्हणजे रेषा ओलांडून पलीकडे. त्याने 'आने दो, आने दो' करत ट्रेलर रेषेच्या पुढे घेतला आणि पलीकडे उभ्या असलेल्या पिकअपचं दार ट्रेलरच्या कोपऱ्याने चेपलं. पिकअपचा चालक त्या वेळी चहाला गेला होता, म्हणून निभावलं.

ऐकण्यातली ही चूक एका क्षणाची होती. नंतर जे झालं त्याने मला जास्त अस्वस्थ केलं. मुलाकडून लेखी जबाब घेतला गेला. त्यात त्याने लिहिलं, 'आय टुक द ट्रेलर टिल द लाइन. देन इट वेंट फ्रॉम द लाइन.' त्याच्या मनात मराठी वाक्य होतं, 'मग तो रेषेवरून गेला.' वाचणाऱ्याला दिसलं ते वेगळंच. ट्रेलर सांगितल्याप्रमाणे रेषेशी येऊन थांबला आणि तिथून पुन्हा निघाला, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला, की थांबलेली गाडी कुणाच्या सांगण्याशिवाय हलली? बोट ड्रायव्हरकडे वळलं. हातवारे पाहून निमूटपणे गाडी मागे घेणाऱ्या त्या माणसाला काही दिवस कामाविना घरी बसावं लागलं. मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मी खरं तेच लिहिलंय. मग ड्रायव्हरकाकांना का विचारतायत?" आम्ही जबाब पुन्हा लिहिला. 'द ट्रेलर डिड नॉट स्टॉप अ‍ॅट द लाइन. इट वेंट ओव्हर द लाइन.' सोबत मराठी मजकूरही जोडला. तेव्हा कुठे तो माणूस मोकळा झाला. खरं बोलणाऱ्या मुलाच्या हातून, एका 'फ्रॉम'मुळे, निर्दोष माणसावर संशय गेला होता. तेव्हापासून माझ्या वर्गात पहिले काही आठवडे या शब्दांचेच असतात, काळ मागाहून येतात.

घोळाचं मूळ 'वरून' मध्ये आहे. हा शब्द मराठीत फार कामं करतो. आपण पुलावरून जातो, टेबलावरून पडतो, देवळावरून पुढे जातो, विमान डोक्यावरून जातं आणि गाडी पनवेलवरून अलिबागला जाते. पाचही ठिकाणी आपल्याला एकच 'वरून' पुरतो, कारण उरलेला अर्थ पूल, टेबल, देऊळ यांच्याकडे पाहून ऐकणारा स्वतः लावतो. इंग्रजी तसं ऐकणाऱ्यावर सोडत नाही. पुलावरून पलीकडे गेलात तर 'अक्रॉस' किंवा 'ओव्हर'. टेबलावरून खाली आलात, म्हणजे टेबलाशी असलेला स्पर्श सुटला, तर 'ऑफ'. देवळाच्या समोरून, त्याला न शिवता पुढे गेलात तर 'पास्ट'. डोक्यावरून गेलं तर 'ओव्हर'. पनवेलचा टप्पा घेत गेलात तर 'व्हाया' किंवा 'थ्रू'. यातल्या एकाही ठिकाणी 'फ्रॉम' हा पहिला शब्द नाही. टेबलावरून पडण्याला 'फेल फ्रॉम द टेबल' चालतं, तेवढाच अपवाद. आणि आपली मुलं पाचही ठिकाणी 'फ्रॉम' घालतात, कारण 'वरून'मधला 'ऊन' त्यांना पंचमीचा म्हणून पाठ आहे आणि पंचमी म्हणजे फ्रॉम, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

यात मराठी कमी पडते असं कुणी समजू नये. उलट काही ठिकाणी आपली भाषा इंग्रजीहून बारीक बोलते. पुण्याहून आलो, पुण्यावरून आलो, पुण्यातून आलो, पुण्याकडून आलो, पुण्यापासून चालत आलो. जुन्या वळणाचं मराठी बोलणाऱ्याला ही पाच वेगळी वाक्यं आहेत. 'पुण्याहून' म्हणजे निघालो तो पुण्याला, 'पुण्यावरून' म्हणजे वाटेत पुणं लागलं, 'पुण्यातून' म्हणजे शहराच्या पोटातून, 'पुण्याकडून' म्हणजे त्या दिशेने आणि 'पुण्यापासून' म्हणजे अंतर तिथून मोजायला घेतलं. इंग्रजीत यातल्या दोन-तीन ठिकाणी नुसतं 'फ्रॉम' येतं. आता सर्रास 'मी पुण्यावरून आलो' म्हणतात, तेव्हा आपल्याच भाषेतली एक धार आपण बोथट करतो, आणि जो मराठीत 'हून' आणि 'वरून' वेगळे ठेवतो त्याला इंग्रजीतले 'फ्रॉम' आणि 'व्हाया' वेगळे ठेवणं सोपं जातं, हे मी वर्गात पाहिलेलं आहे. म्हणून मुलांना मी आधी मराठी नीट बोलायला लावते. कुणाला हे उलटं वाटेल, पण माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

दुसरी अडचण सप्तमीची. 'तो खोलीत आहे' आणि 'तो खोलीत गेला', दोन्हीकडे 'त'. 'मांजर टेबलावर आहे' आणि 'मांजर टेबलावर चढलं', दोन्हीकडे 'वर'. स्थिर आहे की हलतं आहे, हे आपल्याकडे क्रियापद सांगतं. इंग्रजीत हे बऱ्याचदा त्या छोट्या शब्दाला सांगावं लागतं: आत असणं 'इन', आत जाणं 'इन्टू', वर असणं 'ऑन', वर जाणं 'ऑन्टू'. 'ही वॉक्ड इन द रूम' म्हटलं तर माणूस खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होता असं चित्र उभं राहतं. तो बाहेरून आत आला असेल तर 'इन्टू' हवं. पण पाठ्यपुस्तकं इथे जेवढी कडक असतात तेवढी बोलती भाषा नसते. 'पुट इट इन द बॉक्स' अगदी बरोबर आहे. ठेवणे, टाकणे, पडणे या क्रिया मुळातच कुठेतरी जाऊन थांबणाऱ्या असतात, म्हणून तिथे 'इन' आणि 'ऑन' चालून जातात. चालणे, धावणे, गाडी हाकणे, उडी मारणे या क्रिया एकाच जागी राहूनही करता येतात, तिथे मात्र 'इन' आणि 'इन्टू' यांतला फरक अर्थ बदलतो. 'ड्राइव्ह इन द यार्ड' म्हणजे यार्डाच्या आत गाडी चालव, 'ड्राइव्ह इन्टू द यार्ड' म्हणजे बाहेरून आत घे. आणि 'ड्राइव्ह इन्टू द गेट' म्हणजे गेटला धडक, हे ड्रायव्हर होणाऱ्या मुलाने कायम लक्षात ठेवावं. फाटकातून आत शिरायचं असेल तर 'थ्रू द गेट'.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. लिओनार्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची अशी एक विभागणी मांडली, की काही भाषा हालचालीचा मार्ग क्रियापदात ठेवतात, तर काही तो क्रियापदाच्या सोबतीला येणाऱ्या छोट्या शब्दांत ठेवतात. इंग्रजी दुसऱ्या गटातली. मराठीचा कल पहिल्या गटाकडे दिसतो. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, गाठणे, परतणे ही आपली क्रियापदं मार्ग सोबत घेऊनच येतात, आणि तो मार्ग कसा कापला हे आपण वेगळं सांगतो: धावत आत शिरला, रांगत बाहेर आला, उडी मारून ओलांडला. इंग्रजी माणूस 'कसा' हे क्रियापदात ठेवतो आणि मार्ग शेवटी जोडतो: 'रॅन इन्टू', 'क्रॉल्ड आउट ऑफ', 'जम्प्ड ओव्हर'. म्हणजे आपण जिथे दोन क्रियापदं वापरतो तिथे तो एक क्रियापद आणि एक छोटा शब्द वापरतो. आपलं दुसरं क्रियापद त्याच्या त्या छोट्या शब्दात राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की तो शब्द किरकोळ वाटेनासा होतो. वाक्याचं अर्धं क्रियापद तोच आहे.

यातूनच आणखी एक नेहमीची चूक उलगडते. इंग्रजीतही काही क्रियापदं आपल्यासारखी, मार्ग पोटात घेऊन येणारी आहेत: 'एंटर', 'रीच', 'क्रॉस', 'अप्रोच', 'लीव्ह'. त्यांच्यापुढे पुन्हा दिशेचा शब्द लावायचा नसतो. 'रीच्ड टू मुंबई', 'एंटर्ड इन्टू द केबिन', 'अप्रोच टू द गेट' ही रूपं आपल्याकडे इतकी बोलली जातात की कानाला खटकतही नाहीत. 'मुंबईला पोहोचलो' मधला 'ला' इंग्रजीत हट्टाने नेला जातो. नुसतं 'रीच्ड मुंबई' म्हणावं. 'अराइव्ह' मात्र वेगळं, त्याला शब्द लागतो, पण तो 'टू' नाही. ठिकाणी पोहोचलात तर 'अ‍ॅट', शहरात-देशात पोहोचलात तर 'इन'. आणि घरी जाण्याला काहीच लागत नाही, 'गो होम'. आपला 'घरी' जसा स्वतःपुरता पुरेसा आहे तसाच तो 'होम'.

या क्रियापदांतलं सगळ्यात धोक्याचं 'लीव्ह'. 'मी मुंबईला निघालो' हे वाक्य घाईत 'आय लेफ्ट मुंबई' असं होतं आणि अर्थ नेमका उलटा होतो: मुंबई सोडली. जायचं ठिकाण सांगायचं असेल तर 'लेफ्ट फॉर मुंबई'. जहाजावरून किंवा ट्रकवरून कंपनीला फोनवर संदेश पाठवताना हा 'फॉर' राहिला तर समोरचा माणूस माल येतोय की गेलाय याचा चुकीचा हिशोब करून बसतो. एक सवय मी मुलांना लावते, की निघाल्याचा संदेश लिहायचा तर दोन्ही टोकं लिहायची: 'लेफ्ट पनवेल फॉर नाशिक'. दोन्ही नावं समोर असली की एखादा शब्द गळाला तरी वाचणारा थांबून विचारतो.

'टू', 'टुवर्ड्‌स' आणि 'अप टू' यांच्यात पोहोचण्याचा फरक आहे. 'टू' म्हटलं की पोहोचणं त्यात आलं. 'टुवर्ड्‌स' म्हणजे फक्त रोख, पोहोचाल किंवा नाही. 'अप टू' म्हणजे तिथपर्यंत आणि पुढे नाही. मराठीत या तिघांसाठी 'ला', 'कडे' आणि 'पर्यंत' आहेतच, पण 'कडे' आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. डॉक्टरांकडे गेलो म्हणजे भेटून आलो, आणि गावाकडे निघालो म्हणजे अजून वाटेत आहे. 'मूव्ह टुवर्ड्‌स द स्टॅक' म्हटल्यावर आपला मुलगा कंटेनरांच्या स्टॅकला जाऊन भिडतो, तो या 'कडे'मुळे. 'पर्यंत'साठी आपण जागेलाही 'टिल' लावतो. इंग्रजीत 'टिल' वेळेचा आहे, पाच वाजेपर्यंत. जागेसाठी 'अप टू' किंवा 'अ‍ॅज फार अ‍ॅज' वापरावं.

एका ठिकाणी मराठी आपल्याला थेट हात देते, ते इथे सांगायलाच हवं. चेंडू माझ्याकडे फेकला, तो मी झेलावा म्हणून. दगड माझ्यावर फेकला, तो मला लागावा म्हणून. पहिला 'थ्रो टू मी', दुसरा 'थ्रो अ‍ॅट मी'. तो मला ओरडून म्हणाला, 'शाउटेड टू मी'. तो माझ्यावर ओरडला, 'शाउटेड अ‍ॅट मी'. कुत्रा अंगावर धावून आला, 'केम अ‍ॅट मी'. जिथे मराठीत रोखून, अंगावर असा भाव असतो तिथे इंग्रजीत 'अ‍ॅट' येतो. हे उदाहरण दिलं की वर्ग खुलतो, कारण पहिल्यांदाच मुलांना आपली भाषा इंग्रजीच्या वाटेतला अडथळा वाटत नाही.

वाहनांचं थोडक्यात. ज्यात उभं राहता येतं, चालता येतं ती बस, आगगाडी, विमान, जहाज: चढताना 'ऑन', उतरताना 'ऑफ'. ज्यात वाकून बसावं लागतं ती मोटार, टॅक्सी, रिक्षा: 'इन' आणि 'आउट ऑफ'. आपलं 'गेट डाउन फ्रॉम द बस' भारतात सगळ्यांना समजतं, पण परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करताना ते सोडून द्यावं. कुणी मोठ्याने 'गेट डाउन' ओरडलं तर त्याचा अर्थ वाक, जमिनीलगत हो असा असतो. डोक्यावरून काही येत असताना आपला मुलगा शिडी उतरण्याचा विचार करत बसला तर काय होईल, याची कल्पना मला सहन होत नाही.

ऐकण्याचा भाग वेगळा काढून सांगायला हवा, कारण बोलताना चूक झाली तर समोरचा विचारू तरी शकतो. मराठीत 'पर्यंत', 'वरून', 'मधून' हे शब्द नामाला चिकटून पूर्ण उच्चारले जातात. इंग्रजीत 'टू', 'अ‍ॅट', 'फॉर', 'फ्रॉम' हे वाक्याच्या ओघात दबून जातात, त्यांच्यावर जोर नसतो. 'टू' चा उच्चार तर निव्वळ 'ट' इतका उरतो. त्या दबलेल्या आवाजाने माणसं मेलेली आहेत.

19 फेब्रुवारी 1989 रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचं बोइंग 747 मालवाहू विमान क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरायला येत होतं. नियंत्रकाने 2400 फुटांवर या अशा अर्थाने आकडे एकेक करून सांगितले, 'टू फोर झीरो झीरो'. वैमानिकांनी पहिला 'टू' हा आकडा न समजता दिशेचा शब्द समजला, म्हणजे '400 फुटांपर्यंत'. विमान डोंगरावर आदळलं आणि त्यातले चौघेही गेले. ब्रिटनच्या रेडिओ-संभाषणाच्या नियमावलीत 'फ्लाइट लेव्हल' सांगताना 'टू' हा शब्द मुद्दाम वगळायला सांगितलेलं आहे, ते याच गफलतीच्या भीतीने.

त्याआधीचा अपघात जगभर शिकवला जातो. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफ बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर धुक्यात डच कंपनी केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची दोन बोइंग 747 विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. केएलएमचं विमान धावायला लागलं होतं, तेव्हा सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितलं ते 'वी आर नाउ अ‍ॅट टेकऑफ' असं ऐकू येतं. नियंत्रकाला 'अ‍ॅट' वरून वाटलं की विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. सांगणाऱ्याच्या मनात मात्र आम्ही उड्डाण घेत आहोत असं होतं. डच भाषेत चालू क्रिया सांगताना 'अ‍ॅट' सारखा शब्द लागतो आणि ती सवय त्या क्षणी इंग्रजीत उतरली असावी, असं स्पष्टीकरण भाषाभ्यासक स्टीव्हन कुशिंग यांनी 'फेटल वर्ड्‌स' या पुस्तकात मांडलं. अपघाताला धुकं होतं, घाई होती, एकाच वेळी दोघं बोलल्याने रेडिओवर आवाज अडले होते. कारण एकच नव्हतं. पण स्थिर असण्याचा शब्द आणि हलण्याचा शब्द यांतली सीमा तिथे पुसली गेली, हेही खरं. नंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक झाला. जहाजांसाठीही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाने तो तोंडपाठ करावा, असं मी आग्रहाने सांगते, कारण तिथे स्वतःचं वाक्य रचण्यापेक्षा ठरलेलं वाक्य बोलणं सुरक्षित.

तो डच सहवैमानिक काही कच्चा नव्हता आणि त्याचं इंग्रजीही वाईट नव्हतं. ताण वाढला की प्रत्येकाची मातृभाषा वर येते. आपल्या मुलांचीही येणारच. म्हणून भाषांतर करून बोलू नका एवढं म्हणून भागत नाही. ताणातही हाताशी राहील असं काहीतरी द्यावं लागतं.

माझ्याकडे ते आहे चित्र. मी मुलांना फळ्यावर चार आकार काढायला लावते: बिंदू, रेषा, सपाट पृष्ठभाग आणि पेटी. कुठलाही इंग्रजी शब्द निवडण्याआधी विचारायचं, की ही जागा आत्ता माझ्यासाठी यातली कोणती? बिंदू असेल तर तिथून 'फ्रॉम', तिथे 'टू', तिथे थांबलो तर 'अ‍ॅट', शेजारून गेलो तर 'पास्ट'. रेषा असेल तर तिच्या लांबीने 'अलाँग', तिला छेदून 'अक्रॉस' किंवा 'ओव्हर'. पृष्ठभाग असेल तर त्यावर 'ऑन्टू', त्यावरून सुटून 'ऑफ', या कडेपासून त्या कडेला 'अक्रॉस'. पेटी असेल तर 'इन्टू', 'आउट ऑफ' आणि आरपार 'थ्रू'. महत्त्वाचं हे, की एकच जागा वेळेनुसार आकार बदलते. घरून निघताना यार्ड हा बिंदू असतो, 'गो टू द यार्ड'. आत मोकळ्या जागेत उभे राहिलात की पृष्ठभाग, 'वॉक अक्रॉस द यार्ड'. कंटेनरांच्या उंच रांगांमधून वाट काढत जात असाल तर तीच पेटी होते, 'वॉक थ्रू द यार्ड'. शेत ओलांडणं 'अक्रॉस द फील्ड', पण उसातून जायचं तर 'थ्रू', कारण ऊस चारी बाजूंनी वेढतो. हे उदाहरण गावाकडच्या मुलांना एका दमात पटतं आणि पुन्हा सांगावं लागत नाही.

आकार कळला की प्रत्यक्ष चालायचं. फरशीवर खडूने रेषा आखून मी मुलांना 'टू द लाइन', 'टुवर्ड्‌स द लाइन', 'ओव्हर द लाइन', 'अलाँग द लाइन', 'ऑफ द लाइन' असं एकामागून एक चालायला लावते, सांगण्याचा वेग वाढवत, 'टू' मुद्दाम दबका म्हणत. पायांनी शिकलेलं घाईत विसरत नाही. मग जोड्या लावून सूचना परत म्हणायला लावते, वैमानिक नियंत्रकाला म्हणतात तशी. यार्डातही 'ओके सर' एवढं उत्तर देऊ नये. 'टू द लाइन, स्टॉप अ‍ॅट द लाइन, सर?' असं विचारून घ्यावं. सुपरवायझर चिडले तरी विचारावं. चिडणं दोन मिनिटांत जातं. लेखी जबाब देण्याची वेळ आली तर नकाशा काढून बाण दाखवावा, आणि इंग्रजीबद्दल खात्री नसेल तर मराठीत लिहून भाषांतर जबाबदार माणसाकडून करून घ्यावं. त्यात कसलाही कमीपणा नाही.

घरी एकट्याने सराव करायचा तर मोबाइलवरच्या नकाशाचा आवाज इंग्रजीत लावावा आणि आपल्याच ओळखीच्या रस्त्याने निघावं. गाडी चालवत असाल तर सराव सोबत्याने करायचा, तुम्ही नाही. तो आवाज 'टर्न लेफ्ट ऑन्टू' म्हणतो तेव्हा नवा रस्ता पायाखाली येतो, 'हेड टुवर्ड्‌स' म्हणतो तेव्हा नुसता रोख मिळतो, 'पास्ट' म्हणतो तेव्हा ती खूण मागे टाकायची असते आणि 'अ‍ॅट' म्हणतो तेव्हा त्याच खुणेशी वळायचं असतं. रस्ता पाठ असल्यामुळे शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर घडताना दिसतो. प्रत्येक सूचनेनंतर ती मोठ्याने मराठीत सांगावी, प्रत्ययासकट: चौकापर्यंत, पेट्रोल पंपावरून पुढे, पुलाखालून, डाव्या रस्त्याला. मराठीत सांगताना जीभ अडली, 'कडे' म्हणू की 'पर्यंत' असा प्रश्न पडला, तर तो इंग्रजी शब्द अजून कळलेला नाही असं समजावं आणि उद्या त्याच रस्त्याने पुन्हा निघावं.